काचेवर कोरलेलं गाव

‘तुमचं मूळ गाव कोणतं?’ हा प्रश्न फक्त आपल्याकडेच विचारतात, असं स्कॉटलंडमधल्या इनव्हर्नेसला येईपर्यंत मला वाटायचं. इथे उन्हाळा लागला की कॅनडा, न्यूझीलंडहून माणसं हातात जाडजूड फायली घेऊन येतात, खापरपणजोबांचं गाव शोधायला. शेजारी उतरलेल्या अशाच एका कॅनडाच्या आजींना घेऊन परवा क्रॉइकला जाऊन आले.

अर्डगाय गाव सोडलं की पुढे दहाएक मैल एकेरी रस्ता. समोरून गाडी आली तर जिथे जरा रुंद जागा असेल तिथे थांबायचं आणि हात वर करून आभार मानायचे. फोनला रेंज नाही. मेंढ्या मात्र भरपूर. रस्त्याच्या शेवटी झाडांत एक लहानसं चर्च, थॉमस टेलफर्ड या नामवंत अभियंत्याच्या आराखड्यावरून १८२७ साली बांधलेलं.

लोक इथे येतात ते पूर्वेकडच्या खिडकीसाठी. १८४५च्या मे महिन्यात जवळच्या ग्लेनकॅल्व्ही खोऱ्यातल्या १८ कुटुंबांना घराबाहेर काढलं. जमीनदाराला कुळांपेक्षा मेंढ्यांचा खंड जास्त येत होता, एवढंच कारण. तान्ह्या पोरांसकट सगळे चर्चच्या आवारात आले. थडग्यांच्या मध्ये ताडपत्री आणि घोंगड्यांचा आडोसा करून राहिले. तिथे कुणीतरी खिडकीच्या शंकरपाळ्याच्या आकाराच्या काचांवर बाहेरून अक्षरं कोरली. ती अजून वाचता येतात. ते बोलायचे गेलिक, इथली जुनी भाषा, पण लिहिलंय इंग्रजीत. एका काचेवर आहे: ‘ग्लेनकॅल्व्हीचे लोक, दुष्ट पिढी.’ आपल्याच पापाची ही शिक्षा असं त्यांना वाटलं, असा याचा अर्थ लावतात. मला विचाराल तर तो कडवट टोमणा वाटतो.

आजींनी त्या काचेवर बोट ठेवलं नाही, नुसतं जवळ नेलं. मग फाईल उघडली.

त्यांची अडचण वेगळीच होती. या भागात ज्याला त्याला आडनाव रॉस. त्यात थोरल्या मुलाला आजोबांचं नाव ठेवायची रीत, अगदी आपल्यासारखीच. म्हणजे एकाच खोऱ्यात एकाच नावाचे चार-पाच पुरुष! यातून सुटका करते ती आई. स्कॉटलंडच्या नोंदींत बाई लग्नानंतरही माहेरच्या आडनावाने सापडते. जन्माच्या, लग्नाच्या, मृत्यूच्या दाखल्यावर, कित्येकदा थडग्याच्या दगडावरसुद्धा. सरकारी नोंदणी १ जानेवारी १८५५ला सुरू झाली. त्या पहिल्या वर्षीचा जन्मदाखला मिळाला तर लॉटरीच: आईवडिलांचं वय, जन्मगाव, लग्न कधी आणि कुठे, आधीची मुलं किती, सगळं विचारलेलं. कारकुनांना ते झेपेना, म्हणून पुढच्याच वर्षी रकाने कमी केले. त्याआधीचं सगळं चर्चच्या वह्यांवर, आणि १८४३ला चर्चमध्ये फूट पडल्यामुळे त्यातही खिंडारं. ‘स्कॉटलंड्स पीपल’ या सरकारी साइटवर हे घरबसल्या दिसतं. मात्र तिथे जन्माच्या नोंदीची प्रत १०० वर्षं, लग्नाची ७५ आणि मृत्यूची ५० वर्षं झाल्यावरच पाहता येते.

आजींना त्यांच्या पाचव्या पिढीतल्या बाईचं माहेर ठाऊक होतं. मन्रो. त्या थडग्यांच्या दगडांवरचं शेवाळ रुमालाने हलकेच पुसत मन्रो शोधत होत्या, मी मागे छत्री धरून. चिलटांनी नुसता उच्छाद मांडला होता.

‘तुझ्या पणजीचं माहेर कुठलं?’ त्यांनी सहज विचारलं.

आमचा कुलवृत्तांत छापलेला आहे. पुरुषांची नावं मी अकरा पिढ्या घडाघडा म्हणून दाखवेन. पणजीपुढे तिथे ‘लक्ष्मी (सासरचे नाव)’ एवढंच आहे.

रात्री साताऱ्याला आत्याला फोन लावला. वयाच्या पंच्याऐंशीव्या वर्षी तिच्याइतकं आमच्याकडे कुणालाच आठवत नाही. प्रश्न ऐकून ती बराच वेळ गप्प बसली.

‘अगं,’ ती म्हणाली, ‘तिला सगळे काकीच म्हणायचे.’