दोनदा पडलेला पैलवान

जपानात जुनी गाडी घेतली तेव्हा तिच्यातल्या टीव्हीचं मला काडीचं अप्रूप नव्हतं. इथे नकाशाच्या पडद्यावरच टीव्ही दिसतो. पुढच्या काचेला वरच्या कडेशी केसाएवढ्या तारांच्या चार पारदर्शक पट्ट्या चिकटवलेल्या, तोच अँटेना. गाडी हलली की चित्र गायब, नुसता आवाज. थांबून हँडब्रेक ओढला की चित्र परत. तीन वर्षं मी तो लावलाही नव्हता. मग तासगावहून अण्णा आले.

सप्टेंबरातल्या एका रविवारी त्यांना कात्सुनुमाच्या द्राक्षबागा दाखवायला नेलं. घडाघडाला घातलेली कागदी टोपी बघून त्यांनी एकच विचारलं, "एवढी माणसं आणत्यात कुठनं?" परत येताना चुओ एक्सप्रेसवेवर कोबोतोके बोगद्याच्या अलीकडे अडकलो. रविवारी संध्याकाळी टोकियोकडे जाणारा प्रत्येक जण तिथे अडकतो. सुमोच्या पंधरा दिवसांच्या स्पर्धेचा आठवा दिवस होता. अण्णांनी तरुणपणी जत्रेतले फड गाजवलेले. म्हटलं, लावू या.

"पाठ टेकली न्हाई, मग कुस्ती निकाली कशी?" इथे नुसता हात टेकला तरी हरतात, हे त्यांना पटेना. पण मीठ उधळणं, मांडीवर थाप मारणं, डोळ्याला डोळा लावून खडाखडी हे सगळं त्यांना ओळखीचं वाटलं. वरच्या गटात ही तयारी चार मिनिटं चालते आणि कुस्ती पाच-दहा सेकंदांत संपते. नेमकी त्याच पाच सेकंदांत पुढची गाडी हलायची. मी हँडब्रेक सोडला की अण्णा ओरडायचे, "आरं थांब की!"

त्यात डोंगर. एका वाहिनीच्या ६ मेगाहर्ट्झच्या पट्ट्याचे जपानात १३ तुकडे करतात. १२ तुकड्यांत घरच्या टीव्हीचं झकास चित्र जातं, ते फुलसेग. उरलेल्या एका तुकड्यात तेच चित्र मोबाइलसाठी आणि गाड्यांसाठी बारीक करून पाठवतात : ३२० बाय १८० ठिपके, सेकंदाला जेमतेम १५ चौकटी. हे वनसेग, १ एप्रिल २००६ पासूनचं. दुष्काळात तेरावा महिना कुणाला नको असतो, पण डोंगरात हा तेरावा तुकडाच धावून येतो. तो पाठवायची पद्धत दणकट, त्यामुळे बारा विस्कटले तरी हा तग धरतो. आपल्या जुन्या टीव्हीला मुंग्या यायच्या, पण मुंग्यांतूनही चेंडू कुठे गेला ते कळायचं. डिजिटलला मुंग्या माहीत नाहीत. असलं तर लख्ख, नसलं तर काळं. वनसेग तेवढा या दोन्हींच्या मधला, गरीब आणि चिवट.

फक्त तो फुलसेगच्या जरासा मागे चालतो. एक धिप्पाड गडी रिंगणाबाहेर कोसळला आणि त्याच क्षणी डोंगर आड आला. चित्र वनसेगवर उतरलं, कडा विरघळल्या, आणि तोच गडी पुन्हा उभा राहून पुन्हा कोसळला.

"ह्यो दोनदा कसा पडला?"

मी १३ तुकड्यांचं गणित सांगायला घेतलं. अण्णांनी हात हलवून थांबवलं. "पडला न्हवं? मग झालं."

शेवटच्या कुस्तीला आम्ही बोगद्यात शिरलो. आता तेरावाही गेला. रेडिओ मात्र बोगद्यातही लागतो, त्यासाठी आत वेगळी तार टाकलेली असते. निवेदक घशाच्या शिरा ताणून ओरडत होता, मागे हजारो लोकांचा गलका. अण्णा पुढे सरसावून, न कळणारी जपानी कान देऊन ऐकत होते.

"कोण पडलं?"

इतक्या भरभर बोललेलं मलाही झेपत नाही. "मोठ्यांपैकी कुणीतरी," मी म्हणालो.

इशिकावाच्या थांब्यावर गाडी लावली, घाईघाईने हँडब्रेक ओढला. चित्र लख्ख, बाराही तुकडे जागेवर, आणि पडद्यावर हवामानाचा नकाशा. सगळीकडे छत्र्याच छत्र्या.

अण्णा बराच वेळ बघत राहिले. "उद्या पाऊस दावतंय," ते म्हणाले. "त्यांच्या घडांना टोप्या हायत म्हणा."