आमची वाटचाल : संगणकाचा वेळ चुरशीच्या पर्यायांना

गोव्यात पर्वरीतल्या आमच्या छोट्या कार्यालयाने फेरीबोटींच्या रांगांच्या सिम्युलेशनपासून, म्हणजे संगणकावरच्या नकलेपासून, सुरुवात केली. पुढे बार्जची (मालवाहू होड्यांची) कामं आली: ग्राहकाच्या पर्यायांपैकी कशात बार्जना सरासरी कमी थांबावं लागतं, ते शोधायचं. पावसाळ्यात आग्वादजवळचं मांडवीचं मुख बंद झालं, की बार्ज कुंभारजुवे कालव्यातून जुवारीत उतरून मुरगावला जातात. भरती-ओहोटी, धक्क्यावरची भरणी, बिघाड हे सगळं मॉडेलमध्ये घेतलं की एकेक रन, म्हणजे सिम्युलेशन एकदा पूर्ण चालवणं, लांबतो. त्यात सरासरीतली चूक निम्मी करायला रन चौपट लागतात. हा खर्च उघड मागे पडलेल्या पर्यायावर का करायचा?

म्हणून सगळ्या पर्यायांना आधी दहा-दहा रन देतो. रिकाम्या धक्क्याने सुरू झालेला सुरुवातीचा काळ आकडेवारीतून वगळतो, नाहीतर थांबण्याची वेळ खोटी कमी दिसते. मग पुढच्या रनांची वाटणी. मागे असलेल्या पर्यायाचं प्रमाण विचलन (त्याचे आकडे रनागणिक किती पसरतात ते) भागिले आघाडीवरच्यापासूनचं अंतर, त्याचा वर्ग, हा त्याचा वाटा. चुन-हुंग चेन आणि सहकाऱ्यांनी 2000 साली मांडलेलं हे सूत्र आहे. विचलन सारखं असेल, तर 2 मिनिटांनी मागे असलेल्याला 20 मिनिटांनी मागे असलेल्याच्या शंभरपट रन मिळतात! आघाडीवरच्याचा हिशेब वेगळा: बाकीच्यांचा प्रत्येक वाटा त्याच्या विचलनाने भागून वर्ग करायचा, बेरजेचं वर्गमूळ काढायचं आणि त्याला आघाडीवरच्याच्या विचलनाने गुणायचं. वीस-वीस रन झाले की पुन्हा मांडणी. सुरुवातीचे रन दहापेक्षा कमी ठेवू नयेत. चांगला पर्याय नशिबाने मागे दिसला, तर पुढे त्याच्या वाट्याला रनच येत नाहीत.

शेवटी दोनच उरले, की दोघांना तेच रँडम नंबर (संगणकाने काढलेले यादृच्छिक आकडे) देतो. तीच बार्ज, तेच बिघाड. त्यामुळे फरकाचं व्हेरियन्स (प्रमाण विचलनाचा वर्ग) सहविचलनाच्या, म्हणजे दोघांचे आकडे किती सोबत वर-खाली होतात त्या मापाच्या, दुपटीने घटतं. मात्र आगमन, भरणी, बिघाड यांचे रँडम नंबरांचे प्रवाह वेगळे हवेत. नमपाय (NumPy) या पायथनच्या लायब्ररीत सीडसिक्वेन्सच्या स्पॉनने (SeedSequence.spawn) ते मिळतात. एकाच प्रवाहातून सगळं काढलं आणि एका पर्यायात एक बिघाड जास्त झाला, तर तिथून पुढचे सगळे आकडे सरकतात आणि जोडीच मोडते. आम्ही बार्ज येतानाच तिच्या भरणीचा नंबर काढून तिच्या नावावर ठेवतो. वरचं वाटणीचं सूत्र पर्याय परस्परांपासून स्वतंत्र धरतं, म्हणून दोन्ही युक्त्या एकाच फेरीत मिसळत नाही.

शेवटच्या दोघांच्या फेरीत जोडीजोडीने फरक काढतो. फरकाचा 95 टक्क्यांचा विश्वास-पट्टा पूर्णपणे उणे एक ते अधिक एक मिनिट यांच्या आत बसला, की रन थांबवून कमी खर्चाचा पर्याय ग्राहकाला देतो.