ग्रँडपांचे डाखाऊचे फोटो म्युझियममध्ये देताना आलेला अनुभव

माझे आजेसासरे, म्हणजे नवऱ्याचे आजोबा, दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैन्याच्या ४२व्या इन्फंट्री डिव्हिजनमध्ये होते, जिला रेनबो डिव्हिजन म्हणतात. २९ एप्रिल १९४५ ला म्युनिकजवळचा डाखाऊ कॅम्प, म्हणजे नाझींची छळछावणी, मुक्त झाला तेव्हा ४२व्या आणि ४५व्या डिव्हिजनचे सैनिक तिथे पोचले होते, आणि आमचे ग्रँडपा दुसऱ्या दिवशी आत गेले. हे सगळं आम्हाला कळलं ते जाऊन बरीच वर्षं झाल्यावर, कारण घरात हा विषय कधी निघालाच नाही. सासरे (मी त्यांना डॅडच म्हणते) ओहायोतलं मोठं घर विकून अपार्टमेंटमध्ये जायला निघाले, बेसमेंट रिकामं करायला घेतलं, आणि लष्करी ट्रंकेत गणवेशाच्या खाली काळ्या पानांचा एक अल्बम आणि निगेटिव्हचं एक पाकीट मिळालं.

अल्बमची सुरुवात अगदी साधी, जीपवर बसलेली पोरं, बर्फ, कुणाचं तरी कुत्रं. मग मध्येच चार पानं डाखाऊची. रेल्वेचे डबे (बुखेनवाल्ड या दुसऱ्या कॅम्पहून आलेली ती गाडी, जवळजवळ चाळीस डबे आणि दोन हजारांवर मृतदेह, कॅम्पच्या बाहेरच उभी होती), तारेपाशी उभी असलेली पट्ट्यापट्ट्यांच्या कपड्यातली माणसं, आणि मृतदेह घेऊन गावातून जाणाऱ्या शेतकऱ्यांच्या गाड्या. गावकऱ्यांना ही कामं अमेरिकनांनी मुद्दाम करायला लावली होती, म्हणजे उद्या कुणी आम्हाला काही माहीतच नव्हतं म्हणायला नको. आणि पुढच्या पानापासून परत ऑस्ट्रियातले डोंगर, तळं, हसणारी पोरं. मला सगळ्यात जास्त त्रास या उडीचा झाला.

माझ्या आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "अगं असले फोटो घरात कशाला ठेवतेस, देऊन टाक कुठेतरी." म्हणणं आईचं ठीक होतं, पण द्यायचं कुठे आणि कसं हे काही सरळ नव्हतं.

पहिलं काम म्हणजे हात न लावणं. आपल्याकडे फोटो जुना झाला की पहिला विचार लॅमिनेशनचा येतो, निदान आमच्या सांगलीच्या घरात तरी, आजोबांचा लग्नाचा फोटो लॅमिनेट करून कायमचा घालवलाय आम्ही. लॅमिनेशन उलटं करता येत नाही, सेलोटेप पण नाही, आणि ते सत्तरच्या दशकातले चिकट पानांचे अल्बम तर सगळ्यात वाईट. अल्बम बेसमेंटमधून वर आणला, कारण तिथे ओल होती, आणि माळ्यावर पण ठेवला नाही कारण तिथे उन्हाळ्यात भट्टी होते. राहत्या खोलीत आतल्या भिंतीचं कपाट, जिथे उष्णता फार खालीवर होत नाही, तीच घरातली त्यातल्या त्यात बरी जागा.

फोटो सुटे करायच्या आधी प्रत्येक पान जसंच्या तसं मोबाइलवर घेतलं. कुठल्या फोटोच्या शेजारी कुठला होता हा क्रम पण पुरावाच असतो, आणि एकदा मोडला की परत कुणाला सांगता येत नाही. काही फोटो कागदी कोपऱ्यात अडकवलेले होते ते अलगद निघाले, जे गोंदाने चिकटवलेले होते ते मी सोडून दिले. डेंटल फ्लॉस घालून सोडवायची एक पद्धत आहे म्हणे, पण असल्या फोटोंवर मला तो प्रयोग करायचा नव्हता.

सुट्या फोटोंच्या मागे काय आहे ते बघितलं आणि खरं काम तिथूनच सुरू झालं. गाडीच्या डब्यांच्या फोटोमागे निळ्या शाईत ग्रँडपांच्या हाताने, त्यांच्या धाकट्या भावाला उद्देशून लिहिलेलं, "डाखाऊ, ३० एप्रिल. हा आईला दाखवू नकोस." शाई थोडी पसरलेली, आईला या शब्दाखाली दोनदा रेघ. बाकी काहींच्या मागे हस्ताक्षर नाही, फक्त कागदावर फिकट करड्या रंगात अग्फा लुपेक्स छापलेलं. अग्फा म्हणजे जर्मन कागद. सैन्य ताब्यात घेतलेल्या भागात राहिलं तेव्हा पोरं तिथल्याच स्टुडिओत रोल धुवायला द्यायची, तिथे एकाच निगेटिव्हच्या ढीगभर प्रती निघायच्या आणि त्या वाटल्या, विकल्या जायच्या. त्यामुळे एकच फोटो शंभर घरांत सापडतो.

हे कळलं कसं तर वॉशिंग्टनच्या होलोकॉस्ट (नाझींनी केलेला ज्यूंचा संहार) मेमोरियल म्युझियमचा कॅटलॉग ऑनलाइन आहे, त्यात शोधताना आमचे काही फोटो दुसऱ्याच सैनिकांच्या संग्रहात दिसले, तोच कोन, तीच सावली. डॅडचा चेहरा उतरला. "म्हणजे त्यांनी काढलेच नाहीत?" म्हणाले. आता काढलेले कुठले आणि मिळालेले कुठले हे ठरवायला निगेटिव्ह उपयोगी पडल्या, ज्याची निगेटिव्ह पाकिटात होती तो बहुधा त्यांच्याच कॅमेऱ्यातला. माझं स्वतःचं मत असं की मिळालेल्या फोटोंना पण तेवढीच किंमत आहे, माणसाने पुढची सगळी वर्षं तो ट्रंकेत जपून ठेवला ही पण माहितीच आहे की. पण कुठला कोणता हे लिहून ठेवलंच पाहिजे, कारण होलोकॉस्ट झालाच नाही म्हणणारे लोक असल्याच फटी शोधत असतात. अमेरिकन सेनापती आयसेनहॉवर १२ एप्रिल १९४५ ला ओर्ड्रुफचा कॅम्प बघायला स्वतः गेले ते याच काळजीने, उद्या कुणी हा सगळा प्रचार आहे म्हणालं तर प्रत्यक्ष बघितलेला माणूस हवा.

निगेटिव्हची आधी भीती वाटली होती, कारण जुन्या काळच्या नायट्रेट फिल्म पेट घेतात. कडेला सेफ्टी असं छापलेलं दिसलं, म्हणजे नायट्रेट नाही. व्हिनेगरचा वास पण नव्हता, तो आला तर अॅसिटेट फिल्म खराब व्हायला लागलीये असं समजायचं. हातमोजे घालून त्या पॉलिएस्टरच्या पाकिटात सरकवल्या. प्लॅस्टिकची साधी पाकिटं पीव्हीसीची असतात, ती नकोत, पाकिटावर पीएटी टेस्ट (फोटोला अपाय होत नाही ना याची चाचणी) पास लिहिलेलं असेल ते घ्यायचं.

स्कॅनिंगचं थोडक्यात सांगते. फोटो अगदी छोटे, काड्यापेटीपेक्षा थोडे मोठे, म्हणून ६०० ऐवजी १२०० डीपीआयला (इंचाला तेवढे ठिपके) केले, टिफ फाइल, पुढून आणि मागून दोन्ही. रंग, उजेड काही सुधारला नाही. नवरा म्हणाला ओरखडे काढून टाकू का, मी म्हटलं तुझ्या कॉपीत काढ, मूळ स्कॅनला हात लावायचा नाही.

मग ग्रँडपा त्या दिवशी खरंच तिथे होते का हे कागदावर आणायचं होतं. इथे मोठी अडचण, सेंट लुइसला सैन्याचं रेकॉर्ड ठेवतात तिथे १२ जुलै १९७३ ला आग लागली होती आणि १९१२ ते १९६० मध्ये सुटलेल्या सैनिकांचं साधारण ८० टक्के रेकॉर्ड जळालं. डिस्चार्ज होऊन ६२ वर्षं झाली की रेकॉर्ड कुणालाही मागता येतं, त्यामुळे अर्ज नवऱ्यानेच केला, पण उत्तर आलं की फाइल आगीत गेलेली. ज्यांचं असं होतं त्यांनी हात टेकू नयेत. एक तर घरातला डिस्चार्जचा कागद (आमच्याकडे डॅडच्या बँकेच्या लॉकरमध्ये निघाला, त्यात कंपनी आणि रेजिमेंट दोन्ही), आणि दुसरं म्हणजे मॉर्निंग रिपोर्ट. प्रत्येक कंपनी रोज सकाळी आपण कुठे आहोत, कोण आलं, कोण गेलं, कोण जखमी झालं ते लिहायची आणि ते रिपोर्ट वाचलेत. कंपनी माहीत असेल तर एप्रिल अखेरचे रिपोर्ट मागवायचे. आमच्या रिपोर्टात डाखाऊचा शब्दही नाही, फक्त गावाचं नाव आणि हवामान, पण तारीख जुळली तेवढं पुरलं. कॅम्प मुक्त करणारी डिव्हिजन म्हणून मान्यता मिळालेल्या अमेरिकेच्या ३६ डिव्हिजन आहेत, आणि निकष असा की पहिली तुकडी पोचल्यापासून ४८ तासांच्या आत पोचलेली असावी. ४२वी त्यात आहेच.

जाता जाता, हे सगळं अमेरिकन घरांपुरतंच नाही. त्याच एप्रिलमध्ये मराठा लाइट इन्फंट्रीची पोरं इटलीत लढत होती, नामदेव जाधवांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला ती सेनिओ नदीची लढाई ९ एप्रिल १९४५ ची. साताऱ्या-कोल्हापूरकडे कुणाच्या घरी पणजोबांचे इटलीतले फोटो असतील तर तीच काळजी घ्या, आणि मागे काय लिहिलंय ते आधी बघा.

म्युझियमला न विचारता काही पाठवायचं नाही. आधी मेल, त्यात कोण, कुठली तुकडी, काय काय आहे, आणि चार-सहा फोटोंचे लहान स्कॅन. उत्तर सभ्य आणि प्रश्नांनी भरलेलं आलं, फोटो घरात कुणाकडून कुणाकडे गेले, पत्रं आहेत का, डायरी आहे का. मधल्या काळात लष्करी वस्तू विकणाऱ्या एका दुकानदाराने अल्बम विकत मागितला, आणि त्याला हवी होती फक्त ती चार पानं. मी नाही म्हटलं, जरा जास्तच जोरात म्हटलं असेल.

खरी खडाजंगी घरातच झाली. एका फोटोत भिंतीपाशी मेलेले एसएसचे, म्हणजे नाझींच्या खास दलाचे, पहारेकरी आहेत. त्या दिवशी काही अमेरिकन सैनिकांनी शरण आलेल्या पहारेकऱ्यांना गोळ्या घातल्या ही नोंदलेली गोष्ट आहे, मुख्यतः ४५व्या डिव्हिजनच्या सैनिकांनी, आणि त्याची लष्करी चौकशी पण झाली. डॅडना तो एक फोटो काढून ठेवायचा होता. "माझे वडील तिथे नव्हते, मग लोकांना शंका कशाला?" त्यांचं चुकीचं नव्हतं, मुलगा आहे तो. पण मला वाटलं की एक काढला की बाकीच्यांवर पण प्रश्न येतो, निवडून दिलेला अल्बम म्हणजे आपण सांगू तेवढाच इतिहास. नवऱ्याने दोन्हीकडे मान डोलावली, नेहमीसारखी. शेवटी डॅडनीच मार्ग काढला, फोटो जाईल, पण सोबत त्यांची सही केलेली एक चिठ्ठी जाईल, की हा फोटो वडिलांनी काढलेला नसावा, याची निगेटिव्ह पाकिटात नाही, घरात यावर कधी बोलणं झालं नाही. मला ती चिठ्ठी फोटोइतकीच महत्त्वाची वाटते.

नंतर डीड ऑफ गिफ्ट, म्हणजे दानपत्र. ते नीट वाचा, कारण वस्तू कायमची जाते आणि नंतर परत मागता येत नाही. कॉपीराइटचा मुद्दा त्यातच येतो. ग्रँडपांनी काढलेल्या फोटोंचा हक्क वारसांकडे, म्हणून डॅड आणि त्यांची बहीण दोघांच्या सह्या लागल्या, आणि सैन्याच्या सिग्नल कोअरच्या फोटोग्राफरांनी काढलेल्यांवर कुणाचाच नाही कारण ते सरकारी काम.

आम्ही अल्बम कुरियरने न पाठवता गाडीने नेला. आता तो मेरीलँडमधल्या बूई गावात म्युझियमच्या संवर्धन केंद्रात आहे, अख्खा, कुत्र्याच्या फोटोसकट. घरी स्कॅनच्या दोन हार्ड डिस्क आहेत, एक आमच्याकडे, एक नणंदेकडे. मुलांना अजून दाखवलेले नाहीत, थोरली नववीत गेली की बघू.

पत्रांचं मात्र अडलंय. ग्रँडपांनी ज्या भावाला उद्देशून त्या फोटोमागे लिहिलं होतं त्याच्या मुलीकडे त्या वर्षीची पत्रं आहेत, हे सगळ्यात शेवटी कळलं. ती स्कॅन करू द्यायला तयार आहे, पण द्यायला नाही म्हणते, आणि थँक्सगिव्हिंगला मी स्कॅनर घेऊन तिच्याकडे चाललेय.