साथीला बसलेला पियानो

एकोणिसाव्या शतकातले जर्मन संगीतकार रॉबर्ट शुमान आणि ब्राह्म्स यांच्या दोन रचना नुकत्याच एकाच मैफलीत ऐकल्या: शुमानचा ए मायनर या उदास छटेच्या स्वरपट्टीतला पियानो कॉन्चेर्टो, म्हणजे एकल पियानो आणि वाद्यवृंद यांची रचना, आणि ब्राह्म्सची चौथी सिम्फनी, म्हणजे वाद्यवृंदासाठीची अनेक भागांची मोठी रचना. दोन्ही रचना ध्वनिमुद्रणांतून परिचित होत्या. पण वादक समोर असताना, कोण केव्हा मागे राहते आणि त्यामुळे संगीत किती खुलते, हे अधिक स्पष्टपणे जाणवले.

कॉन्चेर्टोमध्ये एकल वादक वाद्यवृंदावर मात करील, अशी श्रोत्याची अपेक्षा असते. शुमानचा पियानो मात्र उतरत्या स्वरसंघांचे एक जोरकस वाक्य उच्चारून बाजूला होतो आणि मुख्य धून प्रथम ओबो या फुंकून वाजवायच्या वाद्यावर उमटते. पुढे क्लॅरिनेट गाऊ लागते तेव्हा पियानो चक्क तिच्या साथीला बसतो. मधल्या भागातली सर्वांत विस्तीर्ण धून चेलोंच्या वाट्याला येते, पियानो तिला लहान लहान उत्तरे देत राहतो. त्या संध्याकाळची पियानोवादिका अशा जागी मान वळवून क्लॅरिनेटवादकाकडे पाहत होती, त्याचा श्वास पुरा होईपर्यंत थांबत होती, आणि तिचे ते ऐकणे मला तिच्या वादनाइतकेच मोलाचे वाटले. पहिला भाग 1841 मध्ये स्वतंत्र फँटसी, म्हणजे मुक्त बांधणीची रचना, म्हणून लिहिला गेला, उरलेले दोन 1845 मध्ये, आणि त्याच डिसेंबरात ड्रेस्डेनमध्ये शुमानच्या पत्नीने, पियानोवादिका क्लारा शुमानने, संपूर्ण कॉन्चेर्टो प्रथम सादर केला. क्लाराचे कसब युरोपभर गाजलेले होते. तेव्हा इथला संयम ही शुमानने विचारपूर्वक केलेली निवड आहे, यात मला शंका नाही.

ब्राह्म्सने 1885 मध्ये माइनिंगेन येथे स्वतः संचालन करून प्रथम सादर केलेल्या सिम्फनीत हाच संयम अधिक कठोर होतो. पहिले तीन भाग ट्रॉम्बोन या भारदस्त पितळी वाद्याचे वादक नुसते बसून असतात. चौथ्या भागात, आधीच्या काळातला संगीतकार बाख याच्या एका कँटाटावरून, म्हणजे गायन आणि वाद्यांसाठीच्या रचनेवरून, घेतलेली आठ मापांची (तालाच्या आवर्तनांची) धून मांडताना, ते प्रथमच वाजवतात आणि सगळ्या वाद्यवृंदाचा रंग पालटतो. त्या आठ मापांवर तीस रूपे उभी राहतात. बासरीच्या एकाकी, अडखळत्या आलापानंतर थोड्याच वेळाने ट्रॉम्बोन अगदी हळू आवाजात मेजर या उजळ छटेच्या स्वरपट्टीत येतात, आणि इतका वेळ राखून ठेवलेले हे वाद्य गर्जनेइतकेच प्रार्थनेसाठीही होते, हे कळते. हा दिलासा मात्र टिकत नाही. ब्राह्म्स शेवट ई मायनरमध्येच करतो आणि माझ्या मते या सिम्फनीला दुसरा कोणताही शेवट शोभला नसता.