निकस जमिनीतले कुरण

इंग्लंडमध्ये घरामागच्या बागेत रानफुलांचे कुरण करायचे, तर पहिले काम जमिनीचा कस कमी करण्याचे असते. शेणखत घातल्याशिवाय वाफ्यात काही लावायचे नाही, या शिस्तीत वाढलेल्या आपल्या माणसांना हे चमत्कारिक वाटेल. पण नत्र आणि स्फुरद भरपूर मिळाले की दांडगी गवते आणि नेटलसारखी तणे भराभर माजतात आणि त्यांच्या सावलीत काउस्लिप, नॅपवीड, ऑक्सआय डेझी यांची रोपे दबून जातात. म्हणून ससेक्समधल्या आमच्या बागेच्या एका कोपऱ्यातली हिरवळ वरच्या सुपीक मातीसकट खरवडून काढली आणि ती माती भाजीच्या वाफ्यात नेली. ज्यांनी कास पठार पाहिले आहे, त्यांना यातले मर्म लगेच कळेल. तिथे जांभ्या दगडावर मातीचा जेमतेम पातळ थर आहे, दवबिंदूसारख्या वनस्पतींना तर नत्रासाठी किडे पकडावे लागतात, आणि तरीही पावसाळ्यात ते पठार फुलांनी भरून जाते.

पेरणी सप्टेंबरात करावी. रानफुले आणि बारीक पानांची गवते यांच्या मिश्र बियाण्याचे प्रमाण चौरस मीटरला चार ते पाच ग्रॅम इतके कमी असते, त्यामुळे ते कोरड्या रेतीत मिसळून, अर्धे उभे आणि अर्धे आडवे असे फोकावे लागते. त्यावर माती ओढायची नाही, नुसते पायाने दाबायचे, कारण यातल्या बऱ्याच बियांना उगवायला उजेड लागतो.

या सगळ्यात माझे मन जडले आहे ते यलो रॅटल या वर्षायू रोपावर. त्याचे पिवळे फूल लहानशा चोचीसारखे दिसते, आणि जुलैत ते रोप वाळले की फुगीर बोंडांतल्या चपट्या, तपकिरी बिया जरा धक्का लागला तरी खुळखुळतात. हे रोप स्वतःचे अन्न स्वतः तयार करते, पण त्याची मुळे शेजारच्या गवताच्या मुळांना चिकटून त्यांतून पाणी आणि क्षार ओढून घेतात, त्यामुळे गवत खुरटते आणि इतर फुलांना जागा मिळते. ज्वारीच्या शेतकऱ्याला नकोसा झालेला टारफुला याच्याच कुळातला. तिथे जी खोड पीक बुडवते, तीच इथे कुरण उभे करते. याचे बी मात्र ताजेच घ्यावे, कारण ते फार काळ टिकत नाही, आणि हिवाळ्यातली काही महिन्यांची थंडी मिळाल्याशिवाय ते उगवतही नाही.

पहिल्या वर्षी फुलांची आशा धरू नये. बहुवर्षायू रोपे तेव्हा मुळे धरत असतात, आणि तणांना आवर घालण्यासाठी सगळेच अधूनमधून पाच सेंटिमीटरपर्यंत कापावे लागते. छायाचित्रांत दिसणारी लाल पॉपी आणि निळे कॉर्नफ्लॉवर ही खरे तर नांगरलेल्या शेतातली वर्षायू फुले आहेत, आणि दरवर्षी माती हलवली नाही तर ती कुरणात टिकत नाहीत.

एवढा खटाटोप करावासा वाटतो, त्यामागे एक मोठी हानी आहे. १९३० च्या दशकापासून पुढच्या पन्नासेक वर्षांत इंग्लंड आणि वेल्समधली सुमारे ९७ टक्के फुलांची गवताळ कुरणे नष्ट झाली: काही दुसऱ्या महायुद्धात धान्यासाठी नांगरली गेली, तर काही नंतर रासायनिक खतांखाली गेली. २०१३ मध्ये तेव्हाचे युवराज चार्ल्स यांच्या पुढाकाराने ‘कॉरोनेशन मेडोज’ हा उपक्रम सुरू झाला, आणि त्यात उरलेल्या जुन्या कुरणांतले बी, कधी नुकत्याच कापलेल्या ओल्या गवतासकट, नव्या जागी नेऊन पसरले गेले.

दुसऱ्या वर्षापासून कापणी जुलैच्या अखेरीस किंवा ऑगस्टमध्ये करावी. कापलेले गवत काही दिवस तिथेच वाळू द्यावे, म्हणजे त्यातले बी झडते, आणि मग ते सगळे उचलावे. तसेच पडून राहिले तर कुजून जमिनीला पुन्हा खत मिळते. जुन्या कुरणांत यानंतर गुरे सोडत, आणि त्यांच्या खुरांनी गवताचा गच्च थर मोडून बी मातीला भिडत असे. आमच्याकडे ते काम दाताळ्याने होते, आणि जमिनीचे लहान लहान उघडे ठिपके दिसेपर्यंत ते जोर लावून ओढावे लागते.