सेल्फ लागेना, आणि सगळे चावीच्या मागे

‘मॅडम, चावीचं कोडिंग गेलंय.’ गाडीचं बॉनेटही न उघडता वर्कशॉपच्या काउंटरवर हे निदान झालं (म्हणजे चावीतली चिप गाडी ओळखत नाही) आणि पुढचं सगळं तिथेच अडलं. अजून आठवलं की संताप होतो.

आमची पेट्रोल हॅचबॅक २००९ ची, सेकंड हँड घेतलेली. आधीच्या मालकांनी तिला बाहेरून अलार्म बसवून घेतला होता. ऐन पावसाळ्यात सिंहगड रोडला सोसायटीच्या पार्किंगमध्ये सेल्फ लागेना. साधा ‘टक’ आवाजही नाही. हेडलाइट लख्ख, हॉर्न खणखणीत, म्हणजे बॅटरी ठीक. टो करून गाडी वर्कशॉपला पोचवली.

काउंटरवर आरसी बुक मागितलं, आधार मागितलं, दोन्ही चाव्या मागितल्या. मग चावीसोबत येणारा नंबरचा पत्र्याचा टॅग हवा म्हणाले. तो आमच्याकडे नव्हता. कोडिंग करणारा माणूस दुसऱ्या शाखेत, तो आला की बघू. रोज फोन केला की ‘उद्या’. मी पुन्हा पुन्हा एकच सांगत होते: चावी ऑन केली की डॅशबोर्डवरचा इमोबिलायझरचा (चिप ओळखली तरच गाडी सुरू होऊ देणाऱ्या यंत्रणेचा) दिवा लागतो आणि लगेच विझतो. चावी ओळखली नसती तर तो लुकलुकत राहिला असता. आणि आमच्या गाडीत कंपनीचा इमोबिलायझर पेट्रोल तोडतो, सेल्फ नाही. चावी चुकीची असली तरी इंजिन फिरतं, फक्त पकडत नाही. इथे इंजिन फिरतच नव्हतं. पण हे कुणी ऐकूनच घेईना. कोडिंगचा, नव्या चावीचा आणि वर ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) तपासणीचा अंदाजखर्च मात्र छापील हातात दिला.

शेवटी गाडी तिथून उचलली आणि ओळखीच्या ऑटो इलेक्ट्रिशियन काकांना घरी बोलावलं. त्यांनी टेस्ट लॅम्प लावला. इग्निशन स्विचकडून करंट येत होता, अलार्मच्या डब्यापुढे जात नव्हता. अलार्म बसवताना सेल्फची वायर मधे कापून तिथे रिले (विजेवर चालणारा स्विच) टाकतात. आमच्या रिलेचे पॉइंट ओलाव्याने हिरवे पडले होते. काकांनी डबा काढला, मूळ वायर सोल्डर करून जोडली, स्लीव्ह चढवली. पहिल्याच चावीला गाडी सुरू! मला तर टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या.

हो, एक राहिलं. रिमोटचा सेल संपला म्हणून कंपनीचा इमोबिलायझर अडत नाही. चावीतल्या चिपला सेल लागतच नाही, इग्निशनभोवतीच्या कॉइलमधून तिला ऊर्जा मिळते. म्हणून रस्त्यावर करून घेतलेली बिनचिपची डुप्लिकेट दार उघडते, पण गाडी चालू करत नाही. दिवा लुकलुकत असेल तर आधी दुसरी ओरिजिनल चावी लावून बघा, आणि दोन चिपवाल्या चाव्या एकाच जुडग्यात ठेवू नका.

जुनी गाडी घेताना बाहेरचा अलार्म आहे का, त्याचा व्हॅले स्विच (अलार्म तात्पुरता बंद करायचं बटण) कुठे लपवलाय, हे आधीच्या मालकाकडून लिहूनच घ्या. आणि कोडिंगचे पैसे भरण्याआधी सेल्फच्या वायरवर टेस्ट लॅम्प लावायला सांगा. पाच मिनिटांचं काम आहे, नाही म्हणाले तर गाडी तिथे ठेवू नका.