सेविकाताईंचं वजनाचं कार्ड

पालघर जिल्ह्यात जव्हार-मोखाड्याच्या बाजूला मी आहारतज्ज्ञ म्हणून काम करते. सकाळ जाते पोषण पुनर्वसन केंद्रात, म्हणजे तीव्र कुपोषित मुलांच्या वॉर्डात. आठवड्यातले काही तास असतात असंसर्गजन्य आजारांच्या ओपीडीत. तिथं साखर, रक्तदाब आणि वाढलेलं वजन घेऊन माणसं येतात. एका खोलीत पन्नास ग्रॅम वाढले म्हणून आईची पाठ थोपटायची, दुसरीत अर्धा किलो उतरला म्हणून पेशंटची. या दोन्ही खोल्यांत एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगावी लागते, हे एका पावसाळी सकाळी एका अंगणवाडी सेविकेच्या तोंडून ऐकताना मला लख्ख कळलं.

वॉर्डात एकोणीस महिन्यांची एक मुलगी दाखल होती. दंडघेर ११.१ सेंटिमीटर, म्हणजे टेपच्या लाल, तीव्र कुपोषणाच्या पट्ट्यात, आणि दोन्ही पावलांवर सूज. आली तेव्हा वजन ७.२ किलो. अशा मुलांना आधी एफ-७५ हे उपचाराचं खास दूध देतात. त्याच्या १०० मिलिलीटरमध्ये ७५ किलोकॅलरी असतात, प्रथिनं आणि मीठ कमी. शरीर सावरायच्या आत भरपूर खाऊ घातलं तर ते जिवावर बेतू शकतं. या दिवसांत सूज असलेल्या मुलाचं वजन उतरतं आणि ते उतरायलाच हवं, कारण साठलेलं पाणी बाहेर पडत असतं. त्या सकाळी काटा ६.७ वर आला. आईनं आकडा पाहिला आणि न बोलता पिशवी भरायला घेतली.

"घरी होती तं अंगानं भरलेली होती. हितं आणली नि वाळली."

मी समजावलं, सिस्टरनी समजावलं. ती ऐकेना. भातलावणी चालू होती, घरी आणखी दोन लहान पोरं. केंद्रात राहणाऱ्या आईला बुडीत मजुरी मिळते, पण शेतातला तो हंगाम पैशानं भरून निघत नाही. मूल अर्धवट उपचारात घरी गेलं, की पुढच्या जुलाबात काय होईल या विचारानं माझ्या पोटात गोळा येतो. त्याच वेळी तिच्या पाड्याच्या सेविकाताई दुसऱ्या एका मुलाला फेरतपासणीसाठी घेऊन आल्या होत्या. त्या सरळ जाऊन खाटेवर बसल्या.

"बाय, पिशवी मागून भर. आधी पोरीच्या पायावर अंगठा दाब. आणली त्या दिवशी खड्डा पडत होता ना? आता पडतो?"

आईनं दाबून पाहिलं. "नाय."

"मग उतरलं ते मांस नाय, पाणी उतरलं. काल भुकेनं रडली का?"

"रडली. वाटी ओढत होती."

"आणली तेव्हा तोंडसुद्धा उघडत नव्हती. एका दिवसाच्या काट्यावर बरं-वाईट ठरवायचं नाय गं. कार्डावरची रेघ कुठं चालली ती बघायची. चार दिवस थांब, मग मला बोल."

आई थांबली.

चहाच्या वेळी ताई माझ्या टेबलापाशी बसल्या होत्या. त्या माझ्या ओपीडीतल्याही पेशंट. वय त्रेचाळीस, उंची १५२ सेंटिमीटर, सुरुवातीचं वजन ७८ किलो, तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा ६.३, म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर. पहिले काही महिने त्या न चुकता यायच्या, नंतर बंद झाल्या. मी कारण विचारलं.

"साडेत्र्याहत्तरला अडकलंय मॅडम. आधी भराभर उतरलं, आता महिने झाले हलतच नाय. काय तोंड दाखवू?" थोड्या वेळानं त्यांनी खरी गोष्ट सांगितली. गावात कुणीतरी भर बैठकीत म्हणालं होतं, पोरांचा टीएचआर (अंगणवाडीतून घरी न्यायला मिळणारा आहार) बाईच खातात वाटतं. सगळे हसले होते. त्या दिवसापासून त्यांनी काट्यावर पाऊल ठेवलं नव्हतं.

मला फार राग आला. ज्या बाईनं पावसात ओढे ओलांडून पाड्यापाड्यांवरच्या पोरांची वजनं केली, तिच्या शरीरावर असं बोलायचं! वजन कमी करणाऱ्या माणसाचं मन खचतं ते बहुतेक वेळा भुकेनं खचत नाही, अशा हसण्यानं खचतं. त्यावर "मनाचा निग्रह ठेवा" हा सल्ला देणारे तर मला आणखी नकोसे वाटतात.

निग्रह ताईंकडे भरपूर होता. गृहभेटीला घरटी चहा मिळतो, त्यात दोन-दोन चमचे साखर, आणि नाही म्हटलं तर घरचं माणूस दुखावतं. त्यांनी आपणहून एकाच घरी चहा घ्यायचा नेम केला. बाकीच्या घरी मागून कोरा, बिनसाखरेचा. रात्रीचा भात निम्मा केला, नागलीच्या भाकरीबरोबर उडदाचं वरण किंवा अंडं सुरू केलं. हे सगळं अजून चालू होतं. थांबला होता तो फक्त काटा.

मी त्यांना थांबलेल्या काट्याचं कारण सांगितलं. सुरुवातीला भराभर उतरलेल्या वजनात पाण्याचा वाटा मोठा असतो. स्नायू आणि यकृतात साठवलेल्या साखरेच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी धरलेलं असतं. साठा घटला की ते पाणीही जातं. मग वेग मंदावतो. हलकं झालेलं शरीर कमी ऊर्जा जाळतं. अमेरिकेतले संशोधक केविन हॉल यांच्या गटाचा अंदाज आहे, की एक किलो वजन घटलं की दिवसाचा ऊर्जाखर्च वीस-तीस किलोकॅलरींनी उतरतो, पण भूक जवळपास शंभर किलोकॅलरींनी वाढते. म्हणजे ताईंच्या साडेचार किलोंमागं रोज चारशेहून जास्त किलोकॅलरींची वाढीव भूक उभी होती. त्या ती भूक झेलत होत्या, म्हणूनच वजन पुन्हा चढलं नव्हतं. अडकलेल्या आकड्यामागं इतकी मेहनत असते, आणि ती कुणालाही दिसत नाही, खुद्द करणाऱ्यालाही नाही.

"ताई, आता सकाळी त्या आईला काय म्हणालात ते स्वतःला म्हणा. उठा."

आधी टेप घेतली. कंबर ९८ सेंटिमीटर होती, ती ९२ भरली. आपल्याकडच्या बायकांसाठी मर्यादा ८० ची आहे. अजून लांबचा पल्ला, पण सहा सेंटिमीटर कमी झाले होते. मग काटा: ७३.६. त्यांचा चेहरा पडला. मी विचारलं, काल काय खाल्लं? सुकटाची चटणी. खारट सुकटानं अंगात पाणी धरलं जातं, पाळीच्या आधीही तसंच होतं, तेव्हा शंभर ग्रॅमचं काही मनावर घ्यायचं नाही. रक्त तपासायला पाठवलं. आकडा आला ५.९.

ताई कागद बघत राहिल्या. "वजन न हलता साखर कशी उतरली?"

याचं उत्तर आपल्याच देशातल्या अभ्यासात आहे. चेन्नईचे डॉ. ए. रामचंद्रन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या ५३१ जणांवर केलेलं काम २००६ साली प्रसिद्ध झालं. चालणं आणि आहार बदललेल्या गटाचं वजन जवळपास तेवढंच राहिलं, तरी मधुमेह होण्याचं प्रमाण २८.५ टक्क्यांनी घटलं. तिकडे पुण्यात केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी आणि ब्रिटनच्या डॉ. युडकिन यांनी २००४ मध्ये स्वतःचीच उदाहरणं मांडली: दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, २२.३, पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. नुसतं वजन आपल्या लोकांबद्दल इतकं कमी सांगतं.

याज्ञिकांच्या पुण्याजवळच्या गावांतल्या अभ्यासाबद्दलही मी बोलले. तिथली बाळं जन्मताना बारीक, स्नायू कमी, पण चरबी त्या मानानं टिकून असलेली. अशी बाळं मोठेपणी अंगानं वाढली की साखरेचा धोका जास्त. ताई म्हणाल्या, "मी घरी जन्मले, वजन कोण करणार? पण आई सांगते, सगळ्या भावंडांत मीच बारकी." मग खिडकीतून वॉर्डाकडे बघून म्हणाल्या, "म्हणजे ही पोर मोठी होऊन तुमच्या त्या खोलीत यायला नको." वाढत्या वजनाकडे आळस म्हणून बघणाऱ्या प्रत्येकाला त्यांचं हे वाक्य ऐकवावं असं मला वाटतं.

ताईंना आलेख काढायला शिकवावं लागलं नाही. मुलांचे काढून हात बसलेला. चौकटीच्या कागदावर त्यांनी आडवे महिने मांडले, उभे किलो, आणि खाली स्वतःच आणखी ओळी आखल्या: कंबर, साखर, रक्तदाब. शेवटची ओळ त्यांच्या मनची होती: "वरच्या पाड्याची चढण, थांबले / न थांबता". पूर्वी त्या चढणीवर दोनदा दम खायला बसावं लागायचं. आता न बसता वर जातात, हे लिहिताना त्यांच्या लक्षात आलं. वजन महिन्यातून एकदाच, अंगणवाडीतल्या मुलांच्या वजनाच्या दिवशी, असंही त्यांनीच ठरवलं. हा नियम सगळ्यांना लागू नाही. रोज काट्यावर उभं राहून ज्यांना आधार वाटतो, त्यांनी खुशाल उभं राहावं. ताईंना तो आकडा छळत होता, म्हणून त्यांच्यासाठी महिना.

मुलीची सूज पूर्ण गेली, एफ-१०० हे जास्त ताकदीचं दूध सुरू झालं आणि मग वजन रोज पन्नास-साठ ग्रॅमनं चढू लागलं. आई स्वतः सकाळी काट्यापाशी येऊन उभी राहायची. घरी जाताना तिनं ताईंकडून पुढच्या फेरतपासणीची तारीख दोनदा विचारून घेतली.

ताई त्यानंतर ओपीडीला नियमित येतात. एका महिन्यात, घरातल्या लग्नानंतर, चारशे ग्रॅम वाढून आले होते. पूर्वी त्या अशा महिन्यात आल्याच नसत्या. या वेळी आल्या, टिंब स्वतः मांडलं, शेजारी "लग्न" असं लिहिलं आणि विचारलं, तेलाचा हिशेब कसा करायचा? घरात महिन्याला येणारं तेल भागिले खाणारी माणसं, असं मी सांगितलं. पुढच्या वेळी त्या तो हिशेब करून घेऊन आल्या, आणि सोबत शेजारच्या पाड्यावरच्या दोन सेविका.

"मॅडम, यांचीही कंबर मोजा. आणि कोरे कागद जास्तीचे द्या. आमच्या पर्यवेक्षिका बाईंनाही पाहिजे, त्या मागायला लाजतात."